पांढऱ्या भिंती, करडा घुमट : डब्लिनच्या कस्टम हाउसविषयी वाचकांचे प्रश्न

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे लिफी नदीच्या उत्तर काठावर उभ्या असलेल्या कस्टम हाउस या जुन्या जकातकचेरीविषयी गेल्या अंकात एक छोटे टिपण दिले होते. जेम्स गँडन या वास्तुविशारदाने १७८१ ते १७९१ या काळात उभारलेली, १९२१ मध्ये आगीत आतून जळून गेलेली, १९२८ पर्यंत पुन्हा बांधून काढलेली आणि १९८० च्या दशकात आणखी एकदा दुरुस्त झालेली ही नवअभिजात शैलीतील इमारत आहे, एवढीच ओळख त्या टिपणात होती. त्यावर आलेल्या पत्रांतील प्रश्न इतके नेमके आहेत की, त्यांना एकेका ओळीत उत्तर देणे योग्य वाटले नाही. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : रांगेत उभे खांब, त्रिकोणी माथा आणि मध्यभागी घुमट असलेल्या सरकारी इमारती युरोपात कितीतरी आहेत. मग या एकाच इमारतीचे एवढे कौतुक कशासाठी? तिच्यात तिचे स्वतःचे असे काय आहे?

उत्तर : नवअभिजात शैलीचे साहित्य सगळीकडे सारखेच असते, हे खरे. ग्रीक आणि रोमन वास्तूंतील स्तंभ, त्यांची ठरलेली प्रमाणे, त्रिकोणी माथे आणि कमानी यांचाच तो शब्दसंग्रह आहे, आणि अठराव्या शतकातील प्रत्येक शिकलेल्या वास्तुविशारदाला तो येत होता. प्रश्न असतो तो त्या शब्दांनी काय सांगितले याचा. गँडन हा लंडनचा. विल्यम चेंबर्स या नामांकित वास्तुविशारदाच्या हाताखाली तयार झालेला, आणि १७६९ मध्ये रॉयल अकॅडमीचे वास्तुकलेसाठीचे पहिले सुवर्णपदक मिळवलेला. डब्लिनला आला तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता आणि एवढे मोठे काम त्याने पूर्वी केलेले नव्हते. त्याला मिळालेली जागाही नेहमीसारखी नव्हती. शहरातील बहुतेक सार्वजनिक इमारतींना एकच दर्शनी बाजू असते आणि उरलेल्या बाजू शेजारच्या घरांना टेकून दडून जातात. येथे मात्र समोर नदी होती, मागे मोकळी जमीन होती आणि बाजूला गोदी होणार होती, म्हणून चारही बाजू दर्शनी कराव्या लागल्या. त्या चारही बाजू एकमेकींशी नाते सांगतात, पण एकही बाजू दुसरीची नक्कल नाही, आणि ही गोष्ट कागदावर वाटते तितकी सोपी नसते.

नदीकडची दक्षिण बाजू सुमारे ३७५ फूट, म्हणजे ११४ मीटर लांब आहे. एवढी लांब भिंत दोनच मजल्यांच्या उंचीची ठेवली, तर ती सपाट आणि कंटाळवाणी होण्याचा धोका असतो. गँडनने तो धोका सावल्यांनी टाळला. मध्यभागी डोरिक स्तंभांचा द्वारमंडप पुढे आलेला आहे. त्याच्या दोन्ही अंगांना तळमजल्यावर कमानींच्या ओवऱ्या आहेत, ज्यांच्यात दिवसभर अंधार साठून राहतो. आणि दोन्ही टोकांच्या दालनांत स्तंभ पुढे न येता उलट भिंतीच्या आत सारलेले आहेत. मध्यभाग पुढे येतो, बाजू पोकळ होतात, टोके पुन्हा भरीव होऊन आत वळतात, आणि त्यामुळे एवढी लांबी पाहताना डोळा थकत नाही. मला स्वतःला घुमटापेक्षा या ओवऱ्याच अधिक मोलाच्या वाटतात.

घुमट जमिनीपासून सुमारे १२५ फूट उंच आहे आणि इमारतीच्या मानाने सडपातळ आहे. ग्रिनिच येथे क्रिस्टोफर रेनने नाविकांच्या रुग्णालयासाठी उभारलेल्या घुमटांशी त्याचे साम्य सहज ध्यानात येते. येथे त्याचे काम छताला शोभा देण्याचे नसून खूण होण्याचे आहे: समुद्रातून आत येणाऱ्या गलबताला सपाट काठांवर दुरून दिसेल, असे काहीतरी उंच हवे होते. घुमटाच्या शिखरावर सोळा फुटी वाणिज्यमूर्ती नांगराच्या आधाराने उभी आहे. द्वारमंडपाच्या स्तंभांवरील आडव्या पट्टीत बैलांची मस्तके माळांनी जोडलेली आहेत. बैलाचे मस्तक हे रोमन वेदींवरचे जुनेच अलंकरण असले, तरी गुरांचे मांस आणि कातडी जहाजांनी बाहेर पाठवणाऱ्या बंदराच्या जकातकचेरीवर ते आले की, तो निव्वळ अलंकार राहत नाही. ही इमारत आपले काम अशा रीतीने अंगावर लिहून उभी आहे, आणि तिचे वेगळेपण मला यातच दिसते.

प्रश्न : तळमजल्याच्या दारा-खिडक्यांवर दाढीवाल्या पुरुषांचे चेहरे कोरलेले छायाचित्रात दिसले. ते राजे आहेत की देव? त्यांपैकी एकच चेहरा स्त्रीचा का आहे?

उत्तर : ते राजे नाहीत. त्या आयर्लंडच्या नद्या आहेत. कमानीच्या माथ्यावरचा जो मधला दगड कमानीला आवळून धरतो, त्या दगडांवर एकूण चौदा मुखे कोरलेली आहेत. त्यांतील तेरा नद्यांची आहेत आणि चौदावे अटलांटिक महासागराचे आहे. बॉइन, शॅनन, ली, लॅगन, बॅन, फॉइल, अर्न, बॅरो, नोर, शुर, स्लेनी, ब्लॅकवॉटर आणि लिफी ही त्या नद्यांची नावे. युरोपीय शिल्पपरंपरेत नदीला दाढीधारी पुरुषाचे रूप देण्याची पद्धत रोमन काळापासून आहे आणि ती येथे बारा नद्यांच्या बाबतीत पाळली गेली. लिफी मात्र स्त्री आहे. ती डब्लिनची स्वतःची नदी आहे, तिला ॲना लिव्हिया या स्त्रीनामाने ओळखले जाते, आणि तिचे मुख नदीकडच्या मुख्य दारावर, म्हणजे प्रत्यक्ष तिच्याच पाण्यासमोर बसवलेले आहे.

ही मुखे एडवर्ड स्माइथ या आयरिश शिल्पकाराने घडवली. गँडन आला तेव्हा स्माइथला फारसे कोणी ओळखत नव्हते. मोठ्या शिल्पांसाठी लंडनच्या कलावंतांकडे वळावे, अशीच तेव्हाची रीत होती, आणि अगोस्टिनो कार्लिनीसारखी नावे या कामात आलीही. पण स्माइथचा हात पाहिल्यावर गँडनने त्याच्यावर जी भिस्त ठेवली, ती दोघांच्या आयुष्यभर टिकली. प्रत्येक मुखाच्या केसांत, दाढीत आणि मुकुटात त्या त्या नदीच्या खोऱ्यातील पीक, फळे, मासे, व्यापार यांच्या खुणा गुंफलेल्या आहेत. सगळ्या चेहऱ्यांचा साचा एक असूनही भाव एकसारखे नाहीत. कोणी संतापलेला आहे, कोणी म्हातारपणाने निवांत झालेला आहे. जमिनीवर उभे राहून पाहता येतील एवढ्याच उंचीवर ती आहेत. घाईने जाणाऱ्या माणसाला त्रिकोणी माथ्यावरचे शिल्प वाचता येत नाही, हे मात्र येता-जाता वाचता येते.

या कल्पनेचे मूळही सांगायला हवे. गँडनचा गुरू चेंबर्स याने लंडनमध्ये समरसेट हाउस ही प्रचंड शासकीय वास्तू त्याच सुमारास उभारायला घेतली होती, आणि नौदलाची कार्यालयेही तिच्यात येणार होती. तिच्या रस्त्याकडील कमानींवर महासागराचे आणि इंग्लंडमधील आठ नद्यांची अशी नऊ मुखे आहेत, आणि त्यांतील काही कार्लिनीनेच कोरलेली आहेत. म्हणजे शिष्याने कल्पना गुरूची घेतली, हे उघड आहे. पण जकातकचेरीवर ती अधिक शोभते, असे मी म्हणेन. देशाच्या आतला माल नद्यांनी खाली येतो, समुद्राचा माल महासागरातून वर येतो, आणि दोघांची गाठ जेथे पडते तेथे जकात घेतली जाते. चौदा मुखांची ही मांडणी म्हणजे दगडात कोरलेला व्यापाराचा नकाशाच आहे. स्वतंत्र आयरिश राज्याच्या नव्या नोटा १९२८ मध्ये निघाल्या, तेव्हा त्यांच्या मागील बाजूंवर हीच नदीमुखे छापली गेली. इमारतीची पुनर्बांधणी पूर्ण झाली तेही वर्ष तेच.

दक्षिणेच्या त्रिकोणी माथ्यावरील शिल्पाविषयीही दोन वाचकांनी विचारले आहे. तेथे हायबर्निया, म्हणजे आयर्लंड, आणि ब्रिटानिया या दोन स्त्रिया एकमेकींना आलिंगन देत आहेत आणि समुद्रदेव नेपच्यून दुष्काळ व निराशा यांना हाकलून लावत आहे. आराखडा कार्लिनीचा, कोरीव काम स्माइथचे. इमारत पूर्ण झाल्यावर सुमारे अर्धशतकाने, १८४५ पासूनच्या बटाट्याच्या रोगाने आणि दुष्काळाने आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मेली, आणि याच काठावरून माणसे जहाजे भरभरून देश सोडून गेली. धक्क्यावर १९९७ मध्ये बसवलेले, रोवन गिलेस्पी यांनी घडवलेले दुष्काळस्मारकाचे कृश पुतळे या माथ्यापासून चालत काही मिनिटांवर आहेत. एकामागून एक ही दोन्ही शिल्पे पाहिली की मन फार जड होते.

प्रश्न : ही इमारत दलदलीत बांधली आणि डब्लिनच्या व्यापाऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला, असे वाचले. व्यापाऱ्यांना जकातकचेरी नकोशी का वाटावी, आणि चिखलावर एवढा दगड उभा कसा राहिला?

उत्तर : व्यापाऱ्यांचा विरोध जकातकचेरीला नव्हता, तिच्या जागेला होता. जुनी कचेरी १७०७ मध्ये थॉमस बर्ग याने बांधलेली होती आणि ती नदीच्या बरीच वर, दक्षिण काठावर, जुन्या शहराच्या मध्यवस्तीत होती. तिच्या आजूबाजूला वखारी, दुकाने, पेढ्या आणि खानावळी यांचा संसार उभा राहिलेला होता. मात्र नदी उथळ होती, पात्रात खडक होता, आणि मोठी गलबते तेथवर पोचत नसल्याने खाली नांगर टाकून माल छोट्या होड्यांतून वर न्यावा लागे. शिवाय त्या इमारतीचे वरचे मजलेही धोक्याचे झाले होते. जकातखात्याचा प्रमुख जॉन बेरिसफर्ड याने नवी कचेरी समुद्राच्या बाजूला, पूर्वेकडे हलवण्याचे ठरवले. कचेरी पूर्वेला गेली की जहाजे पूर्वेला थांबणार, खालच्या बाजूला नवा पूल होणार, आणि पुलाच्या वरच्या धक्क्यांवर डोलकाठीचे गलबत पुन्हा कधी येणार नाही, हे जुन्या व्यापाऱ्यांना स्पष्ट दिसत होते. त्यांची भीती खोटी नव्हती, कारण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत झाले ते तसेच झाले, आणि तो नवा पूलही गँडननेच आखला. शहराचे केंद्र सरकले, आणि नव्या भागातील जमिनींच्या किमती वाढल्याने काहींचे भले झाले.

म्हणूनच गँडनला १७८१ मध्ये जवळजवळ गुपचूप आणले गेले आणि सुरुवातीचे काही महिने तो फारसा कोणाच्या नजरेस पडणार नाही, अशी काळजी घेतली गेली. त्याच सुमारास त्याला सेंट पीटर्सबर्गहूनही बोलावणे होते. ते सोडून तो येथे आला होता. पायाभरणी १७८१ च्या ऑगस्टमध्ये कोणताही समारंभ न करता झाली. नॅपर टँडी हा लोकप्रिय राजकारणी जमाव घेऊन आला आणि कुंपण मोडून टाकले. गँडन कामावर जाताना तलवार बाळगत असे, असे सांगितले जाते.

पायाची गोष्ट अधिक अवघड होती. ही जमीन नदीच्या मुखाशी भराव घालून मिळवलेली होती. थोडे खणले की पाणी वर येत असे. सगळा पाया एकदम उघडला असता तर पाणी उपसणे हाताबाहेर गेले असते, म्हणून गँडनने चर तुकड्यातुकड्यांनी खणून घेतले आणि तळाशी जाड लाकडी तुळयांची जाळी अंथरून तिच्यावर दगडी भिंती उचलल्या. जाळीमुळे भिंतीचे वजन एका जागी न बसता रुंद भागावर पसरते, आणि जमीन दबली तरी बहुतांशी सारखी दबते. लाकूड कुजेल, अशी शंका मनात येते; पण लाकूड कुजण्यासाठी ओलाव्याबरोबर हवाही लागते, आणि सतत पाण्याखाली राहिलेल्या लाकडापर्यंत हवा पोचत नाही. भूजलाची पातळी खाली गेली की मात्र असा पाया धोक्यात येतो. वरचे छत आणि मजले जळून कोसळले, तेव्हाही भिंती आपल्या जागी उभ्या राहिल्या. गँडनच्या सगळ्या कौशल्यात कोणाच्याही नजरेस न पडणारे, पण सर्वांत खात्रीचे काम हेच आहे, असे मला वाटते. पूर्ण झाली तेव्हा इमारतीचा खर्च सुमारे दोन लाख पौंडांवर गेला होता, आणि त्या काळात ही रक्कम डोळे विस्फारावी अशीच होती.

प्रश्न : इमारतीच्या भिंती पांढऱ्या आहेत आणि घुमटाखालचे खांब करडे आहेत. पुनर्बांधणीच्या वेळी पैसे कमी पडले म्हणून हलका दगड वापरला का? आणि आता तो बदलून मूळ दगड का लावत नाहीत?

उत्तर : दगड हलका नाही, वेगळा आहे, आणि तो समजून-उमजून निवडलेला आहे. गँडनने दर्शनी बाजूसाठी आणि घुमटासाठी पोर्टलंडचा दगड आणवला होता. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावरचा हा चुनखडीचा दगड अतिशय बारीक, गोलसर कणांचा असतो आणि त्यात ठरावीक थर जवळजवळ नसल्यामुळे तो कोणत्याही दिशेने सुबक कापता येतो. पाऊस लागला की त्याचा पृष्ठभाग किंचित झिजत राहतो आणि दगड स्वतःला धुऊन पांढरा राहतो. जेथे पाऊस पोचत नाही, त्या वळचणीत काजळी धरून तो काळा पडतो. या काळ्या-पांढऱ्यामुळे कोरीव काम दुरून उठून दिसते. खाण समुद्राला लागून असल्याने तो जहाजाने थेट डब्लिनच्या धक्क्यावर उतरवता येत असे.

१९२१ च्या आगीत घुमट कोसळला. तो उभारायची वेळ आली तेव्हा देश बदललेला होता. आयरिश मुक्त राज्याने, इंग्लंडहून दगड आणण्याऐवजी, घुमटाला उचलून धरणारा स्तंभांचा गोल मनोरा मीथ परगण्यातील आर्डब्रॅकन येथील करड्या चुनखडीच्या दगडात बांधला. देशातील खाणींना आणि पाथरवटांना काम मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. हा काही कमी प्रतीचा दगड नाही. अठराव्या शतकातील लेन्स्टर हाउस, जेथे आज आयर्लंडची संसद बसते, त्याची शहराकडील दर्शनी बाजू याच दगडाची आहे. पण तो पोर्टलंडपेक्षा गडद आहे आणि पावसाने तसा पांढरा होत नाही, त्यामुळे रंगातला फरक काळानुसार कमी न होता अधिक जाणवतो.

तो बदलावा का, यावर दोन मते असू शकतात, आणि बदलावा असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. गँडनला पायापासून शिखरापर्यंत एकच फिकट रंग हवा होता. भिंती आणि घुमट यांचे दोन तुकडे पडल्याने त्याची रचना बिघडते. तरीही माझे मत बदलू नये असेच आहे. पडलेला भाग मूळ आकारात, पण वेगळ्या दगडात उभारला की, बघणाऱ्याची फसवणूक होत नाही. कोणता दगड १७९१ चा आणि कोणता १९२० च्या दशकातला, हे पुस्तक न उघडता कळते. शिवाय तो करडा रंग ही स्वतःच एक ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आणि हाती फारसा पैसा नसलेल्या राज्याने परक्या सत्तेची कचेरी पाडून न टाकता आपली मानली आणि ती आपल्या मातीतल्या दगडाने पुरी केली. हा निर्णय त्या गडद रंगात वाचता येतो. तो पुसून पांढरा केला, तर रचना निर्दोष होईल, पण एक साक्ष जाईल.

प्रश्न : स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांनी आपल्याच शहरातील सर्वांत सुंदर इमारत का जाळली? एका वास्तूवर राग काढून काय मिळाले?

उत्तर : हा राग नव्हता, आखलेला हल्ला होता. लक्ष्य इमारत नव्हे, तिच्यातील कागद होते. १८०० च्या कायद्याने आयर्लंड ब्रिटनशी जोडले गेल्यावर डब्लिनची जकात हळूहळू आपले महत्त्व गमावत गेली, आणि एवढ्या प्रशस्त इमारतीत इतर सरकारी खाती येऊन बसली. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या स्थानिक शासन मंडळाचे काम येथूनच चालत असे. करवसुली आणि स्थानिक प्रशासनाचे दप्तर याच दालनांत होते. दप्तर नष्ट झाले तर कारभार लुळा पडेल, हे ओळखून आयरिश प्रजासत्ताक सेनेच्या डब्लिन ब्रिगेडने २५ मे १९२१ रोजी भरदुपारी इमारतीचा ताबा घेतला, कर्मचाऱ्यांना एकत्र केले आणि कागदांवर तेल ओतून आग लावली. ब्रिटिश सैन्याने वेढा घातला; ब्रिगेडचे पाच स्वयंसेवक मारले गेले, सामान्य नागरिकही मृत्यू पावले, आणि ब्रिगेडची माणसे मोठ्या संख्येने पकडली गेली. लष्करी हिशोबाने ब्रिगेडचे फार नुकसान झाले. पण प्रशासनाला बसलेला धक्का आणि जगभर पोचलेली बातमी यांचा परिणाम नक्कीच झाला. सात आठवड्यांनी, ११ जुलै रोजी युद्धविराम झाला, आणि त्याची कारणे या एका घटनेपेक्षा कितीतरी मोठी होती.

आग पाच दिवस धुमसत होती. गँडनचे आतील सजावटीचे काम जवळजवळ सगळे गेले. ज्या मोठ्या दालनात जहाजांचे कप्तान आणि व्यापारी जकात भरायला येत असत, तेही गेले. दक्षिण बाजूच्या प्रवेशद्वारामागील स्तंभांचे दालन मात्र वाचले, आणि गँडनची आतील अवकाशाची जाण कशी होती, हे आज मुख्यतः तेवढ्यावरूनच समजून घ्यावे लागते. या इमारतीच्या इतिहासात मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती याचीच. त्या दुपारी मेलेल्या माणसांच्या पुढे दालनांची हळहळ दुय्यम आहे, हे जाणूनच मी तसे लिहीत आहे.

प्रश्न : लिफीच्या काठावरील घुमटाच्या इमारतीत स्फोट होऊन आयर्लंडचे शेकडो वर्षांचे दस्तऐवज नष्ट झाले, ती हीच ना?

उत्तर : नाही. ती फोर कोर्ट्स, म्हणजे न्यायालयांची इमारत. तीही गँडनचीच आणि त्याच काठावर, पण नदीच्या वरच्या बाजूला आहे. कस्टम हाउस स्वातंत्र्ययुद्धात १९२१ मध्ये जळाले. फोर कोर्ट्समधील स्फोट आणि तिच्या आवारातील सार्वजनिक अभिलेखागाराचा नाश ही १९२२ च्या जूनअखेरीची, यादवी युद्धातील घटना आहे. एकाच वास्तुविशारदाच्या दोन थोर वास्तू तेरा महिन्यांच्या अंतराने नष्टप्राय झाल्या आणि दोन्ही पुन्हा उभ्या राहिल्या, त्यामुळे असा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

प्रश्न : मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. १९२८ मध्ये इमारत नीट बांधून झाली होती, तर साठ वर्षांत पुन्हा मोठी दुरुस्ती का करावी लागली? दगड तर शतकानुशतके टिकतो.

उत्तर : दगड टिकतो, पण त्याच्या पोटातले लोखंड टिकत नाही. घडीव दगडाच्या इमारतीत शेजारचे दोन दगड एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून त्यांच्यात लोखंडी आकडे बसवले जात. सांध्यातला चुना शाबूत असेपर्यंत पाणी आत शिरत नाही. पण चुना झिजला किंवा दगडाला चीर गेली की लोखंडापर्यंत ओलावा आणि हवा पोचते आणि गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो. आकडा आतून फुगत जातो आणि त्याच्या भोवतीचा दगड फोडतो. बाहेरून पाहणाऱ्याला एक बारीक रेघ दिसते, आणि मग एके दिवशी कंगोऱ्याचा तुकडा खाली येतो. समुद्राजवळच्या हवेत मीठ असते, त्यामुळे हे सगळे लवकर घडते.

याच्या जोडीला आगीचा परिणाम होता. चुनखडीच्या दगडाला मोठी आच लागली की त्यातील लोहाचे अंश रंग बदलतात आणि दगड गुलाबी छटा धरतो. आच आणखी वाढली की त्याचा चुना होऊ लागतो. वरचे कवच आणि आतला गाभा वेगवेगळ्या प्रमाणात तापून निवत असल्याने केसासारख्या चिरा पडतात, आणि आग विझवण्यासाठी तापल्या दगडावर पाणी पडले की त्या अधिक वाढतात. अशा चिरा लगेच दिसत नाहीत. त्यांच्यात पाणी शिरते, हिवाळ्यात गोठते, फुगते, आणि चीर दर वर्षी थोडी रुंद होत जाते. १९२० च्या दशकातील दुरुस्ती करणाऱ्यांनी उभ्या असलेल्या भिंती ठेवल्या, आणि तो निर्णय बरोबरच होता. पण त्या भिंतींनी आगीची जखम अंगात बाळगलेली होती.

१९८० च्या दशकात आयर्लंडच्या सार्वजनिक बांधकाम कार्यालयाने इमारतीभोवती परांची बांधून दगडाची पाहणी व दुरुस्ती केली, काजळी काढून भिंती स्वच्छ केल्या आणि १९९१ मध्ये, बरोबर दोनशे वर्षांनी, काम पूर्ण झाले. करडा मनोरा त्याही वेळी तसाच राहिला. तुमच्यासारख्या विद्यार्थिनीने या दोन दुरुस्त्या शेजारी ठेवून अभ्यासाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. पहिलीचे काम राज्याला छप्पर देण्याचे होते, म्हणून तिने आतली रचना कार्यालयांच्या सोयीने नवी केली. दुसरीचे काम दगड वाचवण्याचे होते, म्हणून तिने शक्य तेवढे जुने ठेवले आणि मोडलेल्या तेवढ्याच जागी हात घातला. दोघींच्या पद्धती वेगळ्या आहेत, कारण त्यांच्यासमोरचे प्रश्न वेगळे होते. पहिलीला आजच्या नियमांनी दोष देणे अन्यायाचे होईल.

प्रश्न : तेथे आजही जकात घेतली जाते का? आणि इमारत पाहायला कोठे उभे राहावे? पुलावरून छायाचित्र घेतले, पण मध्येच रेल्वेचे लोखंड आले.

उत्तर : जकात तेथे आता घेतली जात नाही. गृहनिर्माण, स्थानिक शासन आणि वारसा या विषयांच्या सरकारी खात्याची कचेरी तेथे आहे, आणि इमारतीचा इतिहास सांगणारे दर्शक केंद्रही आहे. जहाजेही केव्हाच समुद्राच्या दिशेने सरकली आहेत. इमारतीलगतची जुनी गोदी भरून टाकली गेली. पूर्वेकडची, १८२१ मध्ये उघडलेली जॉर्जेस डॉक ही गोदी मात्र अजून पाहता येते.

रेल्वेचे लोखंड म्हणजे लूपलाइन पूल. शहराच्या दोन बाजूंची लोहमार्ग स्थानके जोडण्यासाठी तो १८९१ मध्ये पूर्ण झाला. इमारतीच्या पश्चिमेला अगदी जवळून जात असल्याने शहराच्या मध्यभागातून दिसणारे तिचे रूप त्याने कायमचे झाकले आहे. त्या पुलाविषयी तेव्हाही तक्रारी झाल्या होत्या आणि त्या रास्त होत्या. पण गँडनने ही इमारत शहरातून पाहण्यासाठी आखलीच नव्हती. ती पाण्यावरून, पूर्वेकडून वर येणाऱ्या माणसासाठी आहे. म्हणून रेल्वेच्या पुलाखालून पूर्वेला जावे, दक्षिण धक्क्यावर इमारतीच्या बरोबर समोर उभे राहावे आणि शक्य झाल्यास पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ निवडावी. तेव्हा पोर्टलंडचा दगड धुतलेला असतो, ओवऱ्यांतला अंधार ठळक होतो, आणि करडा मनोरा भिंतींपासून सर्वांत वेगळा दिसतो. लिफीला येथपर्यंत भरती-ओहोटी आहे. भरतीचे पाणी धक्क्याच्या दगडापर्यंत चढलेले असेल, तर मुख्य दारावरचे लिफीचे मुख आणि खालची नदी यांच्यात एका रस्त्याएवढेच अंतर उरते.